निकाल ठाऊक असलेला खटला : अमेरिकन दक्षिणेतील तीन कादंबऱ्यांचा विचार

१

खटला हा कथात्म साहित्यातील एक जुना आणि हुकमी प्रसंग आहे. आरोप, साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल हा क्रम न्यायालयीन व्यवहारानेच आखून दिलेला असल्यामुळे लेखकाच्या हाती एक तयार नाट्यरचना येते. वाचकाची उत्कंठा निकालावर खिळलेली असते. सत्य उघड होणे आणि न्याय मिळणे या दोन घटना एकाच क्षणी घडून येतील, अशी त्याची अपेक्षा असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घडणाऱ्या, कृष्णवर्णीय आरोपी आणि गौरवर्णीय ज्यूरी असलेल्या खटल्यांवरील कादंबऱ्या मात्र या अपेक्षेला मुळातच छेद देतात. निकाल काय लागणार हे या कादंबऱ्यांतील गावाला आधीच ठाऊक असते. पुष्कळदा ते आरोपीला, त्याच्या वकिलाला आणि वाचकालाही ठाऊक असते. असे असताना लेखक खटल्याची योजना कशासाठी करतो, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तीन कादंबऱ्यांच्या आधारे करावयाचा आहे. विल्यम फॉकनर यांची 'इन्ट्रूडर इन द डस्ट' (१९४८), हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) आणि अर्नेस्ट जे. गेन्स यांची 'अ लेसन बिफोर डाइंग' (१९९३) या त्या कादंबऱ्या होत. तिघेही लेखक दक्षिणेतलेच. फॉकनर मिसिसिपीचे, ली अलाबामाच्या आणि गेन्स लुइझियानाचे. तिन्ही कादंबऱ्यांत एक लहान गाव आहे, एक तुरुंग आहे आणि जिवावर बेतलेला आरोप डोक्यावर असलेला एक कृष्णवर्णीय पुरुष आहे. परंतु खटल्याला कथानकात दिलेली जागा तिघांची निरनिराळी आहे. फॉकनर यांच्या कादंबरीत खटला उभाच राहत नाही, ली यांच्या कादंबरीत तो मध्यभागी आहे, तर गेन्स यांच्या कादंबरीत तो पहिल्या काही पानांतच आटोपतो. हा फरक केवळ रचनेचा नाही. गावाला काय ठाऊक आहे आणि ते ठाऊक असण्याचा, त्याविषयी काही वाटण्याचा अधिकार कादंबरी कोणाला देते, या प्रश्नाशी तो निगडित आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

या कादंबऱ्यांचे मर्म लक्षात येण्यासाठी ज्यूरीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते. भारतात १९५९ च्या नानावटी खटल्यामुळे ज्यूरी हा शब्द सर्वतोमुखी झाला. परंतु पुढे ही पद्धत मागे पडली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. त्यामुळे निकाल न्यायाधीश देतो, ही आपली सवयीची कल्पना आहे. अमेरिकेत मात्र गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे सामान्यतः बारा सामान्य नागरिक ठरवतात. ते त्याच परिसरातले असतात. आरोपीचा न्याय त्याच्या बरोबरीच्या माणसांनी करावा, हे त्यामागील तत्त्व होय. लहान गावात याचा अर्थ असा होतो की, बाकांवर बसलेले गाव आणि ज्यूरीत बसलेले गाव यांत फारसे अंतर राहत नाही. गावाचे मत हेच निकालाचे रूप घेते.

या तत्त्वाला दक्षिणेत कसे वळण दिले गेले, याचा इतिहास बोलका आहे. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून वगळणारा कायदा घटनाबाह्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच सांगितले होते. त्यानंतर कायद्यात तसे लिहिण्याची गरज उरली नाही. ज्यूरीच्या यादीत त्यांची नावे येणार नाहीत एवढी दक्षता पुरेशी होती. मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या मुलींवरील बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला. स्कॉट्सबरो या गावात एप्रिलमध्ये खटले चालले आणि काही दिवसांतच नवांपैकी आठ जणांना मृत्युदंड फर्मावण्यात आला. नववा अवघ्या तेरा वर्षांचा होता. त्या दोन मुलींपैकी एकीने १९३३ मध्ये न्यायालयात आपला आरोप मागे घेतला, तरीही ज्यूरीने दोषी ठरवण्याचाच निर्णय दिला. तो निर्णय रद्द करणारे न्यायाधीश जेम्स हॉर्टन पुढच्याच वर्षी निवडणुकीत पराभूत झाले. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ज्यूरीच्या याद्याच आल्या, आणि कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे वगळण्यात आल्याच्या कारणावरून शिक्षा रद्द झाली. तरीही खटल्यांचे दुष्टचक्र थांबले नाही. त्यांतील अखेरच्या तिघांना अलाबामा राज्याने मरणोत्तर माफी दिली ती २०१३ मध्ये.

या इतिहासात सत्य दडून राहिलेले नव्हते. तक्रारदार मुलीने स्वतःच ते सांगितले होते, न्यायाधीशाने ते मान्य केले होते. असे असूनही निकाल बदलला नाही. सत्य कळल्यावर न्याय होतो, हे खटल्याच्या कथेतील गृहीतक येथे प्रत्यक्षातच मोडून पडले होते. दक्षिणेतील कादंबरीकारासमोर उभा राहिलेला पेच हा असा होता.

३

फॉकनर यांच्या कादंबरीच्या आरंभीच 'ठाऊक असणे' ही क्रिया येते. लूकस बोशाम या वृद्ध कृष्णवर्णीय शेतकऱ्याला घेऊन शेरीफ रविवारी दुपारी तुरुंगाशी पोहोचतो, तेव्हा लूकसने एका गोऱ्या माणसाचा खून केला आहे हे सगळ्या पंचक्रोशीला आदल्या रात्रीपासूनच ठाऊक असते. वास्तविक लूकसने खून केलेला नाही. म्हणजे येथे गावाला जे 'ठाऊक' आहे ते असत्य आहे. असत्याला ज्ञानाचा दर्जा मिळतो तो आरोपीच्या वर्णामुळे. त्याचा वकील गॅव्हिन स्टीव्हन्स हा सुशिक्षित आणि सज्जन गृहस्थ आहे. परंतु तोही लूकस दोषी आहे असे धरूनच चालतो आणि जन्मठेपेवर निभावावे यापलीकडे त्याचा विचार जात नाही.

जेफर्सन या गावाचा लूकसवरील राग खुनाच्याही आधीचा आहे. लूकस एका गोऱ्या जमीनदाराचा वंशज आहे, तो स्वतःच्या जमिनीवर राहतो, जुनी पण उंची हॅट घालतो आणि गोऱ्यांपुढे वाकत नाही. त्याने एकदा तरी गावाच्या कल्पनेतील कृष्णवर्णीयासारखे वागावे, अशी गावाची वर्षानुवर्षांची इच्छा आहे. सोळा वर्षांचा चिक मॅलिसन हा वकिलाचा भाचा. सर्व घटना आपल्याला त्याच्या जाणिवेतून दिसतात. चार वर्षांपूर्वी तो थंडीच्या दिवसांत ओढ्यात पडला असताना लूकसने त्याला घरी नेऊन ऊब दिली होती, जेवू घातले होते. जेवणाचे पैसे म्हणून चिकने जवळची नाणी पुढे केली आणि लूकसने ती घेतली नाहीत. गोऱ्या मुलाला कृष्णवर्णीयाचे आतिथ्य फेडता येऊ नये, ही गोष्ट चिकच्या मनात सलत राहते. पाहुणा आणि यजमान या नात्याने त्या दिवसापुरती वर्णांची उतरंड उलटी केलेली असते.

कथानकातील निर्णायक कृती न्यायालयात घडत नाही, स्मशानात घडते. मृताच्या शरीरातील गोळी आपल्या पिस्तुलाची नाही, हे लूकस चिकला सूचित करतो. चिक, त्याचा कृष्णवर्णीय सवंगडी अलेक सँडर आणि लूकसच्या दिवंगत पत्नीबरोबर लहानाची मोठी झालेली वृद्ध मिस हॅबरशॅम अशी तिघे रात्री जाऊन थडगे उकरतात. प्रौढ गोऱ्या पुरुषांना जे आधीच 'ठाऊक' आहे त्यामुळे ते पाहावयाला जाणार नाहीत. म्हणून हे काम मुलांना आणि एका वृद्धेला करावे लागते. खरा खुनी मृताचाच भाऊ असल्याचे निष्पन्न होते आणि लूकसला जिवंत जाळावयास जमलेला जमाव आपापल्या मोटारींतून घाईघाईने पांगतो. जमाव पळाला याचाच चिकला अधिक संताप येतो. आपली चूक झाली हे लूकसला सांगावे लागू नये म्हणून ही माणसे पळाली, हे त्याच्या ध्यानी येते.

खटला न झाल्याने कादंबरीला सुखान्त लाभतो, हे नोंदले पाहिजे. प्रकरण ज्यूरीपर्यंत गेले असते तर हा शेवट संभवला नसता, याची फॉकनर यांना जाण असावी. उत्तरार्धात स्टीव्हन्स दक्षिणेच्या प्रश्नावर दीर्घ भाषणे करतो. कृष्णवर्णीयांना मुक्त करण्याचे कार्य उत्तरेने लादू नये, ते दक्षिणेने स्वतः पार पाडावे, असे त्याचे म्हणणे आहे. या भाषणांमुळे कादंबरीचा तोल ढळतो, हा समीक्षकांचा आक्षेप रास्तच होय. परंतु अखेरचा प्रसंग या सर्व वक्तृत्वाला पुरून उरतो. लूकस वकिलाचे देणे चुकते करावयाला कचेरीत येतो. वकील मोबदला नाकारतो आणि शेवटी किरकोळ खर्चापोटी दोन डॉलर घेण्यास राजी होतो. लूकस सुट्या नाण्यांसह ती रक्कम मोजून देतो आणि पावती मागतो. आपण कोणाच्या उपकारात नाही, याचा लेखी पुरावा त्याला हवा आहे. ज्या गावाने त्याला पुराव्याविना दोषी मानले, त्याच गावाकडून तो पुरावा मागून घेतो.

४

हार्पर ली यांची कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथानक १९३३ ते १९३५ या काळात अलाबामातील मेकोम या काल्पनिक गावात घडते. निवेदन स्काउट या मुलीचे आहे. मोठेपणी ती आपल्या सहाव्या ते नवव्या वर्षांदरम्यानच्या घटना आठवून सांगते. तिचे वडील अॅटिकस फिंच हे टॉम रॉबिन्सन या शेतमजुराचे वकील म्हणून न्यायालयाकडून नेमले जातात. मेएला युअल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप टॉमवर आहे.

फॉकनर यांच्या गावाला असत्य 'ठाऊक' होते. मेकोमची गोष्ट वेगळी आहे. भर न्यायालयात सत्य सिद्ध होते आणि ते सर्वांना कळते. मेएलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार बसला होता, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा होता. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला आहे, आणि मेएलाचा बाप बॉब युअल डावखुरा आहे. एवढ्यावर खटला संपावयास हवा. ज्यूरी मात्र कित्येक तासांनंतर परतते आणि टॉमला दोषी ठरवते. आत येताना तिच्यापैकी एकानेही टॉमकडे पाहिलेले नसते; तेवढ्यावरूनच स्काउट निकाल ओळखते. ज्या माणसांना सत्य कळलेले नसते ती आरोपीकडे पाहू शकतात. ज्यांना ते कळूनही त्याविरुद्ध जावयाचे असते, त्यांनाच नजर चुकवावी लागते.

मेकोमला सत्य का पचत नाही, याचे उत्तर टॉमच्या साक्षीतील एका क्षणात आहे. मेएलाची कामे तू फुकट का करून देत होतास, असे सरकारी वकील विचारतात. तिची कीव आली म्हणून, असे टॉम सांगून जातो आणि न्यायालयाचा नूर पालटतो. युअल कुटुंब गावाच्या उकिरड्यामागे, पूर्वी कृष्णवर्णीयांच्या असलेल्या झोपडीत राहते. गावातील कोणीही त्यांना मान देत नाही. अॅटिकस उलटतपासणीत सभ्यपणे संबोधतात, तर मेएलाला ती आपली थट्टा वाटते. इतके ते संबोधन तिला अनोळखी आहे. फुटक्या भांड्यांत लावलेली तांबडी जिरेनियमची फुले एवढेच तिच्या आयुष्यातील सौंदर्य. तिची कीव करणारा टॉम हा गावातील बहुधा पहिलाच माणूस असावा. परंतु कीव वरून खाली वाहते, असा गावाचा अलिखित नियम आहे. कृष्णवर्णीयाने गोऱ्या मुलीची कीव करावी यात त्याने स्वतःला तिच्याहून वरच्या जागी ठेवलेले असते. त्याचा खरा गुन्हा हाच, आणि तो त्याने शपथेवर कबूल केलेला आहे.

या क्षणाची दुसरी बाजू लेखिकेने पुढे एका चहापानाच्या प्रसंगात दाखवली आहे. धर्मकार्य मंडळाच्या स्त्रिया आफ्रिकेतील एका जमातीच्या दैन्याबद्दल हळहळतात आणि त्याच बैठकीत, खटल्यानंतर घरातील कृष्णवर्णीय नोकर कसे घुश्शात आहेत, अशी तक्रारही करतात. दूरच्यांविषयीची कणव आणि जवळच्यांविषयीचा तिटकारा एकाच पेल्यातून पिता येतो. सहानुभूती ही निव्वळ भावना नसून तो अधिकार आहे, तो कोणी कोणावर चालवावयाचा हे समाजाने ठरवून ठेवलेले असते, हे या दोन प्रसंगांतून स्पष्ट होते.

टॉमच्या मृत्यूनंतरही कादंबरी संपत नाही, ही बाब महत्त्वाची आहे. तुरुंगातून पळण्याचा प्रयत्न करताना टॉम पहारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडतो. त्याच्या शरीरात सतरा गोळ्या सापडतात. पुढे बॉब युअल सूडापोटी अॅटिकसच्या मुलांवर हल्ला करतो आणि शेजारचा एकांतवासी गोरा माणूस बू रॅडली मुलांना वाचवताना त्याला ठार करतो. युअल स्वतःच्याच सुरीवर पडून मेला असे जाहीर करावयाचे, असे शेरीफ ठरवतो आणि अॅटिकस त्याला संमती देतात. एकाच गावात दोन वेळा सत्य बाजूला ठेवले जाते. एकदा टॉमच्या जिवावर उठण्यासाठी आणि एकदा बूला जपण्यासाठी. दुसऱ्या प्रसंगी वाचकही समाधान पावतो. न्यायालयाबाहेर न्याय करता येतो, हे मेकोमला चांगले ठाऊक आहे. तो कोणासाठी करावयाचा एवढाच प्रश्न आहे. लेखिकेने हे दोन प्रसंग जाणीवपूर्वक समोरासमोर ठेवले असोत वा नसोत, संहितेत ते तसे उभे आहेत.

अॅटिकस ही व्यक्तिरेखा दीर्घकाळ आदर्श मानली गेली. १९६२ च्या चित्रपटात ग्रेगरी पेक यांनी ती साकारल्यावर हा आदर्श अधिकच दृढ झाला. १९९२ मध्ये कायद्याचे प्राध्यापक मन्रो फ्रीडमन यांनी या आदर्शावर आक्षेप घेतला. अॅटिकस हा खटला नेमणुकीमुळे चालवतात, ते राज्य विधिमंडळाचे सदस्यही आहेत, पण गावातील नित्याच्या अन्यायाविरुद्ध ते कधी उभे राहत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१५ मध्ये ली यांचे आधीचे हस्तलिखित 'गो सेट अ वॉचमन' या नावाने प्रसिद्ध झाले आणि या वादाला नवी सामग्री मिळाली. त्यातील वृद्ध अॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या मंडळाच्या सभेला बसलेले दिसतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील अधिक मोलाचा आहे. त्या हस्तलिखितात अशाच एका खटल्याचा ओझरता उल्लेख येतो आणि त्यात आरोपी निर्दोष सुटलेला असतो. म्हणजे पुनर्लेखन करताना लेखिकेने निकाल बदलला. निर्दोष सुटका ही वकिलाच्या कर्तबगारीची आठवण म्हणून दोन-चार ओळींत मावत होती. आरोपी दोषी ठरताच तिची कादंबरी झाली. कारण आता आरोपीच्या पिंजऱ्यात गाव उभे राहिले.

तरीही या कादंबरीची मर्यादा सांगितली पाहिजे. टॉम आपल्याला दिसतो तो मुख्यतः साक्षीच्या पिंजऱ्यातच. त्याचे घर, त्याची बायको, त्याचे तुरुंगातील दिवस हे सारे इतरांच्या बोलण्यातून कळते. कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या सज्जात स्काउट आणि जेम बसतात, पण सज्जातील माणसांना त्या दिवशी काय वाटले याचे निवेदन कोणी करीत नाही. अॅटिकस बाहेर पडताना ती सगळी उठून उभी राहतात, एवढेच आपल्याला दिसते. अन्याय टॉमवर होतो. त्यातून शहाणपण मात्र स्काउटच्या वाट्याला येते.

५

गेन्स यांनी नेमकी हीच जागा ओळखली, असे त्यांची कादंबरी वाचताना जाणवते. १९३३ मध्ये जन्मलेले गेन्स लुइझियानातील मळ्यावरील मजुरांच्या वस्तीत वाढले. त्यांच्या कादंबरीचा काळ १९४० नंतरच्या दशकाचा उत्तरार्ध, आणि गाव बेयॉन. निवेदक ग्रँट विगिन्स हा वस्तीतील शाळेचा कृष्णवर्णीय शिक्षक. आपण खटल्याला हजर नव्हतो आणि निकालही ऐकला नाही, कारण तो काय असणार हे आधीपासूनच ठाऊक होते, असे सांगून तो कथनाला आरंभ करतो. फॉकनर यांच्या पहिल्या वाक्यातील 'ठाऊक असणे' गावाचे होते. गेन्स यांनी ते गावाकडून काढून घेऊन वस्तीतल्या माणसाच्या हाती दिले आहे.

आरोपीचे नाव जेफर्सन आहे. फॉकनर यांच्या गावाचेही तेच नाव आहे. हा योगायोग असो वा नसो, तो वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. एकवीस वर्षांचा जेफर्सन दोन ओळखीच्या तरुणांबरोबर एका दुकानात जातो. तेथे उडालेल्या चकमकीत दुकानदार आणि ते दोघे मरतात. जेफर्सन गोंधळून तेथेच राहतो आणि पकडला जातो. बचावाचा वकील ज्यूरीपुढे त्याची बाजू मांडताना म्हणतो की, कट रचण्याइतकी बुद्धीच याला नाही. याला विजेच्या खुर्चीत बसवणे म्हणजे एखाद्या डुकराला बसवण्यासारखे आहे. शिक्षेपेक्षाही भयंकर असा हा बचाव आहे. जेफर्सनची धर्ममाता मिस एमा हिला निकालाची फारशी आशा नसतेच. तिची मागणी एवढीच आहे की, मरताना त्याने माणूस म्हणून चालत जावे. हे काम ती ग्रँटवर सोपवते.

अशा रीतीने खटला संपल्यावर कादंबरी सुरू होते. न्यायालयाने काय ठरवले या प्रश्नाची जागा आता, न्यायालयाने जे हिरावून घेतले ते परत कसे मिळवावयाचे, हा प्रश्न घेतो. तुरुंगात भेटीची परवानगी मागावयाला ग्रँटला जमीनदाराच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराने जावे लागते आणि तिष्ठत राहावे लागते. शेरीफशी बोलताना शुद्ध व्याकरण वापरावे की अडाण्यासारखे बोलावे, हा पेच त्याला प्रत्येक वाक्याला पडतो. शुद्ध क्रियापद हाही तेथे उद्धटपणा ठरू शकतो. मेकोममध्ये टॉमने केलेली कीव आणि येथे ग्रँटने वापरलेले क्रियापद, दोन्हींचा गुन्हा एकच आहे. पायरी सोडल्याचा.

ग्रँट हा अॅटिकससारखा धीरोदात्त नाही. त्याला हे काम नको आहे, तो चिडतो, वस्ती सोडून जाण्याची स्वप्ने पाहतो. आरंभी जेफर्सनही त्याला दाद देत नाही. एका भेटीत तो चार पायांवर होऊन, धर्ममातेने पाठवलेले अन्न डुकरासारखे खाऊन दाखवतो. वकिलाचा शब्द किती खोल गेला आहे, याचे याहून भेदक चित्र क्वचितच सापडेल. हळूहळू एक रेडिओ, एक वही आणि एक पेन्सिल एवढ्या साधनांवर दोघांत संवाद सुरू होतो.

या वहीमुळे कादंबरीचे निवेदनच बदलते. शेवटाकडे एक संपूर्ण प्रकरण जेफर्सनच्या टिपणांचे आहे. त्यात विरामचिन्हे नाहीत, शब्दांची रूपे अशुद्ध आहेत. परंतु ज्याच्या तोंडून न्यायालयाला काहीच ऐकावयाचे नव्हते, तो येथे स्वतःच्या अक्षरांत बोलतो. कोण भेटावयास आले, कोणी काय आणले, रात्री झोप का येत नाही, अशा नोंदी करता करता तो स्वतःकडे माणूस म्हणून पाहू लागतो. लूकसने पावती मागितली होती. जेफर्सन आपली पावती स्वतः लिहितो. मृत्यूच्या वेळी तो धीराने उभा राहिला, ही साक्ष एक गोरा तरुण पहारेकरी ती वही घेऊन शाळेत येतो आणि ग्रँटला देतो. न्यायालयात न झालेली साक्ष येथे होते. निकाल बदलत नाही, पण डुकराविषयीचे विधान खोटे ठरलेले असते.

६

खटल्याचा निकाल आरोपीच्या बाजूने लागला म्हणजे हा पेच सुटतो काय, हे पाहण्यासाठी जॉन ग्रिशम यांच्या 'अ टाइम टू किल' (१९८९) या लोकप्रिय कादंबरीचा थोडक्यात निर्देश करता येईल. मिसिसिपीतील क्लँटन या काल्पनिक गावात एक कृष्णवर्णीय बाप, आपल्या दहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्या दोन गोऱ्यांना ठार मारतो. ज्यूरी पूर्णतः गौरवर्णीय असूनही तो सुटतो. मात्र ही सुटका घडते कशी? ही मुलगी गोरी असती आणि बलात्कारी कृष्णवर्णीय असते, तर आपण काय केले असते, अशी कल्पना करण्यास ज्यूरीतील एक स्त्री इतरांना सांगते. म्हणजे दुःख समजण्यासाठी मुलीचा वर्ण मनातल्या मनात बदलावा लागतो. निकाल उलटला, परंतु सहानुभूतीची वाट जुनीच राहिली. कथा प्रकाशित होण्याच्या तीन वर्षे आधी, १९८६ मध्ये, केवळ वर्णामुळे ज्यूरीतील उमेदवार नाकारण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली होती. ज्यूरीची यादी बदलण्याचा मार्ग कायदा दाखवू शकतो. कोणाचे दुःख आपले वाटावे, हे मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहते.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, आणि दलित साहित्याच्या चर्चेत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा संदर्भ वारंवार येत राहिला. दलितांविषयी सहानुभूतीने लिहिलेले साहित्य आणि दलितांनी स्वानुभवातून लिहिलेले साहित्य यांत भेद केला पाहिजे, हा त्या चर्चेतील एक कळीचा मुद्दा होता. वर्ण आणि जात या संस्था एकच नव्हेत. त्यांचा इतिहास आणि त्यांची यंत्रणा भिन्न आहे, हे विसरून चालणार नाही. परंतु सहानुभूती कोणाकडून कोणाकडे वाहते, हा आपल्या समीक्षेने विचारलेला प्रश्न मेकोमच्या न्यायालयात टॉमला भोवला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रश्नाचे मोल अधिक उजळून निघते. ली यांची कादंबरी सहानुभूतीची आहे म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. सहानुभूतीचा अधिकार कसा वाटला जातो हे तिनेच दाखवले आहे. त्या अधिकाराची फेरवाटणी कथनाच्या पातळीवर करून दाखवण्याचे श्रेय मात्र गेन्स यांना द्यावे लागते.

सारांश, या तीन कादंबऱ्यांतून 'ठाऊक असण्या'ची तीन रूपे दिसतात. जेफर्सन गावाला असत्य ठाऊक असते आणि ते तपासण्याची त्याला गरज वाटत नाही. मेकोमला सत्य ठाऊक होते आणि तरीही ते त्याच्याविरुद्ध कौल देते. बेयॉनच्या वस्तीला निकाल ठाऊक असतो, म्हणून ती न्यायालयाकडे काहीच मागत नाही आणि जे मिळवावयाचे ते स्वतः मिळवते. अज्ञानामुळे अन्याय होतो आणि ज्ञानाने तो दूर होतो, या सोयीस्कर समजुतीला तिन्ही कादंबऱ्या आपापल्या परीने तडा देतात. निकाल आधीच ठरलेला असतानाही खटला रंगवावा लागतो तो यासाठी, की गावाला काय ठाऊक होते याची नोंद त्यावाचून कोठेच राहिली नसती.